पाटल्या मोडण्याआधी



या आठवड्यात खरं म्हणजे वाळवणांविषयी लिहायचं ठरवलं होतं. साबुदाण्याच्या चिकवड्यांचं प्रमाणसुद्धा काढून ठेवलं होतं. पण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आणि चिकवड्या बाजूला राहिल्या. त्या पुढच्या अंकात नक्की.

पत्राचा सारांश असा. वय ३४. बी.ए., बी.एड., विषय इंग्रजी. गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतात. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी. मिस्टरांचं दुकान बसलं आहे. मुलगा चौथीत. आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणी एक एजंट भेटला आहे. तो म्हणतो, "थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला बायका हव्या आहेत. राहायला जागा फुकट. पाऊण लाख भरा, टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर आम्ही तो बदलून देतो. आठ दिवसांत सांगा, जागा भरत आल्या आहेत." शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "ताई, घरात पैसे नाहीत. माझ्या पाटल्या मोडू का?"

त्यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, "मोडू नका. आधी थांबा." पण फोनवर सगळं सांगता येत नाही. शिवाय हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. शिकलेल्या, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या आणि हातात पुरेसा पैसा नसलेल्या आपल्यासारख्या कितीतरी जणींच्या मनात तो असतो. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आणि आधी माझं स्वतःचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला काय जातंय उपदेश करायला!

तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका जाहिरातीला भुलले होते. मीही अर्धवेळ शिक्षिका, तीही नुसती बी.ए. मोबाइलवर जाहिरात पाहिली, त्या कार्यालयात गेले. गुळगुळीत टेबल, भिंतीवर जगाचा नकाशा, बोलणारा माणूस मोठा गोड. 'नोंदणी फी' म्हणून पंधरा हजार रुपये भरून आले. ह्यांना सांगितलं नाही. उरलेल्या पैशांसाठी लॉकरमधून पाटल्या काढून आणल्या आणि कपाटात साड्यांखाली ठेवल्या. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत. संध्याकाळी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "अगं, शाळेचं नाव काय?"

मला सांगता येईना. 'बँकॉकजवळची एक चांगली शाळा' एवढंच मला माहीत होतं. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा आपण गाव, घराणं, मुलगा कुठे कामाला आहे ते विचारतो. आणि मी ज्या शाळेसाठी घर सोडून निघाले होते, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात जाऊन नाव विचारलं, तर तो गोड माणूस एकदम कडू झाला. पाटल्या वाचल्या. पंधरा हजार गेले ते गेलेच.

पण त्यानंतर मी या विषयाची नीट चौकशी केली. विचारलं, वाचलं, जाऊन आलेल्यांशी बोलले. ती माहिती आज तुमच्यासाठी.

कुठलं दार उघडं, कुठलं बंद

पहिली गोष्ट कडू आहे, पण ती आधी कळलेली बरी. परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी पुष्कळदा तुम्हाला इंग्रजी किती येतं यावर मिळत नाही. पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे यावर मिळते.

दक्षिण कोरियाचंच घ्या. तिथल्या खासगी इंग्रजी शिकवण्यांत, म्हणजे 'हागवॉन'मध्ये, शिकवण्यासाठीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारत आणि कोरियामध्ये २०१० साली जो व्यापार करार लागू झाला, त्यात आपल्याकडच्या इंग्रजी शिक्षकांना तिथल्या शाळांत सहायक म्हणून काम करण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता लागते. म्हणजे बी.एड. असेल तर हे दार निदान किलकिलं तरी आहे. माझ्यासारख्या नुसत्या बी.ए.ला बंद. कोरियातल्या खासगी शिकवणीत 'नक्की लावून देतो' असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर मात्र उठून यावं.

जपानमध्ये भाषाशिक्षकाचा व्हिसा मागताना तुमचं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं आहे का, हे पाहिलं जातं. आपल्यातल्या बहुतेक जणी मराठी माध्यमाच्या. तेव्हा तिकडे अर्ज करण्याआधी ही अट नीट विचारून घ्यावी. चीनचं धोरणही साधारण असंच आहे की, भाषा शिकवणाऱ्या परदेशी माणसाची ती मातृभाषा असावी.

मग उघडी दारं कुठली? थायलंड आणि व्हिएतनाम या देशांत इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांनाही घेतात. थायलंडच्या शाळांत फिलिपिन्सच्या शिक्षिका पुष्कळ आहेत. मात्र पदवी लागते, पोलिसांचा दाखला लागतो, आणि आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आयेल्ट्स ही त्यातली सर्वांत माहितीची परीक्षा. तिचे गुण ० ते ९ अशा पट्टीवर मिळतात आणि ते साधारण दोन वर्षं धरले जातात, म्हणून फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. हेही सांगून ठेवते, की एकाच शाळेत एकच काम करणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि आपल्याला कमी पगार, असा प्रकार तिथे बऱ्याचदा दिसतो. राग येतो, पण माहीत असलेलं बरं. घासाघीस करताना उपयोगी पडतं.

तिसरं दार आखाती देशांचं. अमिराती, ओमान, कुवेत, कतार, बहारीन, सौदी अरेबिया इथे सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत आणि त्यांना इंग्रजीच्या शिक्षिका लागतात. इथे तुमच्या बी.एड.ला खरी किंमत आहे. ज्यांचे मिस्टर आधीच तिकडे नोकरीला आहेत, त्यांना हे दार जास्त सोपं, कारण शाळेला तुमच्या राहण्याचा खर्च करावा लागत नाही. पण एक गैरसमज काढून टाका. नवऱ्याच्या व्हिसावर तिथे राहता येतं, म्हणजे नोकरीही करता येते असं नाही. अमिरातीत नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईसाठी मालकाला कामाचा वेगळा परवाना काढावा लागतो. 'परवान्याचं नंतर बघू, सोमवारपासून या' असं शाळा म्हणाली, तर सोमवारी जाऊ नका.

इंग्रजी येणं वेगळं, शिकवणं वेगळं

आता जरा गोड गोष्ट.

माझ्या वयाच्या, मराठी शाळेतल्या आपण साऱ्या जणी पाचवीत ए, बी, सी, डी गिरवायला बसलो. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. त्यामुळे इंग्रजी आपल्याला घरात आपोआप आलेलं नाही. एकेक वीट रचून ते आपण उभं केलं आहे. शिकणाऱ्याची गाडी कुठे अडते, हे लंडनमध्ये जन्मलेल्या मुलीपेक्षा आपल्याला जास्त कळतं, कारण तिथेच आपलीही अडली होती. हे आपलं भांडवल. मुलाखतीत ते लाजून लपवू नका, सांगा.

पण त्याला एक मोठी पुरवणी हवी. आपण शिकलो आणि शिकवतो ते भाषांतर करून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आधीच्या पिढ्या वाढल्या. आजही वर्गात आपण शब्द सांगतो आणि लगेच मराठी अर्थ फळ्यावर लिहितो. थायलंडच्या वर्गात चाळीस मुलं बसली आहेत, त्यांना मराठी येत नाही आणि तुम्हाला थाई येत नाही. मग काय कराल?

घरच्या घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगते. 'बॉरो' आणि 'लेंड' हे दोन शब्द घ्या. मराठीत आपण उसनं घेतो आणि उसनं देतो, शब्द एकच, म्हणून आपली मुलं इंग्रजीत इथे हमखास चुकतात. आता मराठीचा एक शब्दही न वापरता हे शिकवायचं. शेजारच्या वहिनींकडून किसणी मागा. त्या देताना म्हणा, "शी इज लेंडिंग मी द ग्रेटर." तुम्ही घेताना म्हणा, "आय अ‍ॅम बॉरोइंग द ग्रेटर." मग मुलाला छोटे प्रश्न विचारा. किसणी कोणाची आहे? आत्ता कोणाजवळ आहे? मी ती परत करणार का? हे प्रश्नसुद्धा इंग्रजीतच, सोप्या शब्दांत. 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळी मुलं 'हो' म्हणतात. किसणी कोणाची, याचं उत्तर बरोबर आलं की समजावं, अर्थ पोचला.

तसंच 'सिन्स' आणि 'फॉर'चं. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. एका तारखेवर बोट ठेवा, ते 'सिन्स'. त्या तारखेपासून आजपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढा, ती 'फॉर'. झालं! परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याची सारी विद्या या जातीची आहे. वस्तू दाखवायची, प्रसंग उभा करायचा, मुलांकडून काढून घ्यायचं आणि स्वतः कमी बोलायचं. आपल्याला शेवटचंच जड जातं.

उच्चारांचंही थोडं. आपण मराठीत 'व' आणि 'व्ह' वेगळे लिहितो खरे, पण बोलताना 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी यांतला फरक पुसून टाकतो. आरशासमोर उभं राहून बघा. पहिल्याला ओठांचा चंबू होतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स' हे आपलं घरगुती इंग्रजीही मुलाखतीपुरतं घरीच ठेवावं; 'आय हॅव टू सन्स' म्हणावं. इंग्रजांसारखा हेल काढायची मुळीच गरज नाही. स्वच्छ आणि सावकाश बोललं की पुरतं.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा

मोबाइलवर '१२० तासांचं प्रमाणपत्र, फक्त एवढ्या रुपयांत' अशा जाहिरातींचा पाऊस पडत असतो. असल्या अभ्यासक्रमांवर कुणाचा एकसारखा अंकुश नाही. काही चांगले आहेत, काही नुसते कागद विकतात. ओळखायची खूण एकच: शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव आहे का? खऱ्या विद्यार्थ्यांसमोर तुम्ही उभ्या राहणार आणि कुणी अनुभवी माणूस मागे बसून तुमच्या चुका सांगणार, असं आहे का? नुसती पोहण्याची पुस्तकं वाचून कुणी विहिरीत उडी मारत नाही.

जगभर मान असलेले दोन अभ्यासक्रम आहेत. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटीसॉल. सेल्टा किमान १२० तासांचा. त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. शिवाय चार लेखी कामं. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे, अर्धवेळ केला तर काही महिने. आता तो घरी बसून ऑनलाइनही करता येतो, ही आपल्यासारख्यांची मोठी सोय. प्रवेशाला पदवीची सक्ती नाही, पण इंग्रजी वरच्या पातळीचं लागतं आणि आधी मुलाखत होते. खर्च मात्र मोठा आहे आणि केंद्राकेंद्राप्रमाणे बदलतो. दोन-तीन केंद्रांकडून लेखी आकडा मागवावा. पैसे भरायचेच तर असल्या ठिकाणी भरावे. नोकरी मिळो न मिळो, विद्या हातात राहते. एजंटाला दिलेल्या पैशांतून हातात काय राहतं, हे मी अनुभवलं आहे.

नावाचा घोळ

आता खास आपल्या बायकांची अडचण. ही कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव. पासपोर्टवर सासरचं. आणि काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, तांदळात अंगठीनं लिहितात ना, तसं! परदेशातला कारकून हे सगळं बघतो आणि विचारतो, ही तीन माणसं आहेत की एकच बाई?

तेव्हा हे काम आजच काढा. लग्नाची नोंदणी केली नसेल तर करून दाखला घ्या. लग्नाचा अल्बम तिथे चालत नाही. पहिलं नाव बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. पासपोर्ट अजून काढला नसेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. पदवीवरचं नाव तसंच ठेवलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. सासरी नीट समजावून सांगा, हा मानापमानाचा नाही, कागदाचा प्रश्न आहे. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. सर्व कागदांवर एकच हवं.

मग पदवीवर शिक्के घ्यावे लागतात. क्रम असा: आधी राज्य शासनाकडून पडताळणी, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर. काही देशांना तेवढी पुरते, तिला अपॉस्टिल म्हणतात. अमिरातीसारख्या देशाला त्यावर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. याला काही आठवडे जातात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातर्फे मिळतो. मूळ कागद एजंटाच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. पोच घेतल्याशिवाय तर नाहीच नाही.

एजंटाला कसं ओळखावं

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. १९८३ च्या कायद्यापासून ही पद्धत आहे. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहायला मिळते. त्याला परवाना क्रमांक विचारा आणि घरी येऊन स्वतः पडताळा. भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदावर विसंबू नका. अशा एजंटाला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि वर कर, अशी ठरवून दिलेली आहे, आणि त्याची पावती द्यावीच लागते. आता त्या पाऊण लाखाकडे पुन्हा एकदा बघा.

'टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ' हे वाक्य ऐकलं, की पर्स उचलून चालू लागा. थायलंडमध्ये शिकवायचं तर त्यासाठीचा वेगळा व्हिसा असतो, शिवाय कामाचा परवाना आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी लागते. पर्यटक म्हणून जाऊन वर्गात उभं राहिलात, तर गुन्हा तुमचा ठरतो, एजंटाचा नाही. आणि याहून वाईटही घडलेलं आहे. थायलंडमध्ये नोकरी म्हणून बोलावलेल्या आपल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन अडकवून ठेवलं आणि मोबाइलवरून लोकांना फसवण्याचं काम त्यांच्याकडून करून घेतलं, असे प्रकार झाल्यावर २०२२ साली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण एकटीनं निघताना हे माहीत हवं.

खरी शाळा कशी ओळखावी? ती तुमची मुलाखत घेते, बहुधा नमुन्याचा पाठ घ्यायला लावते, आणि नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. ती लेखी करार पाठवते. करारात हे बघा: आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती आणि शाळेत बसून राहण्याचे किती? सुट्टीतला पगार मिळतो का? जागा देतात की भाड्याचे पैसे? विमानाचं तिकीट कोणाचं? व्हिसा आणि परवान्याचा खर्च कोणाचा? आजारपणाचा विमा आहे का? मध्येच सोडलं तर काय? आणि पासपोर्ट स्वतःजवळच राहील ना? तिथे आधीपासून शिकवणाऱ्या एखाद्या बाईंशी बोलायला मिळेल का, असंही शाळेला विचारा. चांगली शाळा नाही म्हणत नाही.

घरचं काय

हे शेवटी लिहिते आहे, पण मनात ते पहिलं असतं, मला माहीत आहे.

चौथीतला मुलगा. शाळेचं एक वर्ष म्हणजे त्याचं पाचवीचं पूर्ण वर्ष. त्याला कोण उठवणार, डबा कोण देणार, ताप आला तर रात्री कोण जागणार, याची उत्तरं जायच्या आधी हवीत आणि ती नवरा-बायकोनं मिळून शोधायला हवीत. माझी चूक पंधरा हजारांची नव्हती. ह्यांना न सांगता गेले, ती चूक होती. मी मनाशी म्हटलं होतं, आधी नक्की होऊ दे, मग सांगू. खरं कारण वेगळं होतं. 'नको' ऐकायची मला भीती वाटत होती. नंतर सगळं सांगितलं, तेव्हा हे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी तुझ्याबरोबर त्या माणसाकडे आलो असतो."

सगळ्याच घरी असं होईल असं नाही. काही घरी 'नको'च ऐकायला मिळेल. तरीही लपवून जाऊ नका. परक्या देशात अडचण आली, तर पहिला फोन घरीच करायचा असतो.

आणि जाणं जमत नसेल, तर घरी बसून परदेशातल्या लोकांना संगणकावरून शिकवण्याचाही मार्ग आहे. पण त्यावर पूर्ण संसार टाकू नका. चिनी मुलांना असं शिकवणारे पुष्कळ शिक्षक होते. २०२१ साली चीनने नियम बदलून परदेशात बसून शिकवणाऱ्यांवर बंदी घातली आणि त्यांचं काम बघता बघता गेलं. वरकड उत्पन्न म्हणून ठीक.

तर त्या मराठवाड्यातल्या भगिनींना मी सुचवलेला क्रम असा. पहिल्या महिन्यात लग्नाचा दाखला, नावाचा मेळ आणि पासपोर्ट. त्याच वेळी रोज अर्धा तास मराठीशिवाय शिकवण्याचा सराव, स्वतःच्या शाळेतल्याच मुलांवर. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पदवीचे शिक्के. त्यानंतर आयेल्ट्स. गुण हातात आल्यावर अर्ज, तेही थेट शाळांकडे आणि त्यांच्या बाबतीत आधी आखातातल्या भारतीय शाळांकडे, कारण त्यांचं बी.एड. तिथे कामी येईल. पाटल्या लॉकरमध्ये. मोडायची वेळ आलीच, तर ती शाळेचं नाव, पत्ता आणि सहीचा करार हातात आल्यावर, आणि दोघांनी बसून ठरवल्यावर.

त्या फोनवर म्हणाल्या, "ताई, सहा महिने थांबायला दुकान थांबत नाही हो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, पाऊण लाख बुडाले तर दुकान त्याहून आधी जाईल. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उद्या त्याला शाळेचं नाव विचारते."

माझं म्हणाल, तर मी अजून गेले नाही. पोस्टात दरमहा थोडे पैसे टाकते आहे, सेल्टाच्या फीसाठी. ह्यांना माहीत आहे. सासूबाईंनाही. त्यांनी परवा विचारलं, "मग आता कुठल्या शाळेत?" मी म्हटलं, "आधी शिकते तर खरी."

तुमच्यापैकी कुणी परदेशात शिकवून आली असेल तर अनुभव जरूर लिहून पाठवा. फसलेल्यांनीही लिहा, नाव छापणार नाही. आणि चिकवड्या पुढच्या आठवड्यात, साबुदाणा मात्र आदल्या रात्रीच भिजवून ठेवा.